घरच्या संगणकासाठी अँटीव्हायरस : विनामूल्य कितपत पुरतो आणि पैसे कधी मोजावेत

नवा लॅपटॉप घ्यायला इंदूरच्या आर.एन.टी. मार्गावरील सिल्व्हर मॉलमध्ये किंवा जेल रोडवर गेलेल्या गिऱ्हाइकाला बिल होत असताना दुकानदार बहुधा विचारतोच, "भैया, एंटीवायरस भी डाल दें?" लॅपटॉपच्या किमतीपुढे ती रक्कम किरकोळ वाटते आणि मनात धास्ती असते, त्यामुळे होकार चटकन दिला जातो. घरी आल्यावर भाचा म्हणतो, "काका, उगाच पैसे घातलेत, विंडोजमध्ये हे सगळे फुकट मिळते," आणि शेजारचे निवृत्त बँक अधिकारी बजावतात की फुकटच्या भरवशावर नेट बँकिंग करणे धोक्याचे आहे. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, परंतु दोघे दोन वेगवेगळ्या प्रकारच्या संगणकांविषयी बोलत आहेत.

माझे मत आधीच सांगून टाकणे बरे. ज्या घरात अधिकृत आणि अद्ययावत विंडोज आहे, जिथे संगणकाचा वापर पत्रव्यवहार, बँक, मुलांचा अभ्यास आणि छायाचित्रे एवढ्यापुरता आहे, तिथे विंडोजसोबत आलेले विनामूल्य संरक्षण पुरेसे आहे आणि हाताशी असलेले पैसे आधी बॅकअपसाठी बाहेरची हार्ड डिस्क घेण्यात घालावेत. दुकान, पेढी, दवाखाना, लेखापालाचे कार्यालय किंवा एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांचे घर असेल, तर मात्र पैसे मोजण्याला सबळ कारणे असू शकतात. ती कारणे आपल्याला लागू होतात की नाही हे ठरवायचे, तर अँटीव्हायरस काय करू शकतो आणि काय करू शकत नाही, हे आधी नीट समजून घ्यायला हवे.

अँटीव्हायरस काम कसे करतो

अँटीव्हायरस हा संगणकात सतत जागा असणारा एक प्रोग्राम आहे. आपण एखादी फाइल उघडतो, डाउनलोड करतो किंवा पेनड्राइव्हवरून उतरवून घेतो, तेव्हा ती प्रत्यक्ष चालू होण्याआधी तो तिची तपासणी करतो. या तपासणीची सर्वांत जुनी पद्धत ओळखखुणांची आहे. प्रत्येक फाइल हा शेवटी आकड्यांचा एक लांबलचक क्रम असतो, आणि पूर्वी सापडलेल्या घातक प्रोग्राममधील वैशिष्ट्यपूर्ण क्रम कंपनीने एका यादीत नोंदवून ठेवलेले असतात. रेल्वे स्थानकावर लावलेल्या पाकीटमारांच्या छायाचित्रांसारखी ही यादी असते. चेहरा आधी पाहिलेला असेल तरच तिचा उपयोग होतो.

एके काळी ही यादी पुरत असे. वैयक्तिक संगणकावरचा पहिला व्हायरस मानला जाणारा 'ब्रेन' १९८६ मध्ये लाहोरच्या बासित आणि अमजद फारूक अल्वी या भावांनी लिहिला, आणि तो फ्लॉपीवरून फ्लॉपीवर, माणसांच्या हातून प्रवास करत जगभर पोहोचला. ज्या गतीने फ्लॉपी फिरे त्याच गतीने व्हायरस फिरे, त्यामुळे यादी सावकाश अद्ययावत झाली तरी चालत असे. १९९०च्या दशकात पुण्यात कैलास आणि संजय काटकर या बंधूंनी संगणक दुरुस्तीच्या व्यवसायातून जो अँटीव्हायरस उभा केला, आणि ज्याची कंपनी २००७ पासून क्विक हील टेक्नॉलॉजीज या नावाने ओळखली जाते, तो याच गरजेतून आला होता. त्या काळी विंडोजमध्ये स्वतःचे असे संरक्षण नव्हते. "अँटीव्हायरस विकतचाच हवा" हा आपल्या वडीलधाऱ्यांचा आग्रह त्या दिवसांतला आहे, आणि त्या दिवसांपुरता तो योग्यच होता.

आज घातक प्रोग्राम लिहिणारे लोक तोच प्रोग्राम पुन्हा पुन्हा नव्या वेष्टनात गुंडाळून पाठवतात, त्यामुळे त्याचा आकड्यांचा क्रम दर वेळी बदलतो आणि केवळ यादीवर विसंबणारा अँटीव्हायरस हतबल ठरतो. म्हणून आताचे सर्वच चांगले अँटीव्हायरस यादीच्या जोडीला आणखी काही गोष्टी पाहतात. फाइलची रचना संशयास्पद आहे का, हे ते तपासतात. चालू झाल्यावर तिची वागणूक कशी आहे, यावरही त्यांची नजर असते. उदाहरणार्थ, वर्डमधील एक साधे पत्र उघडताच पडद्यामागे विंडोजच्या आज्ञा चालू लागल्या, किंवा एखादा अनोळखी प्रोग्राम आपली छायाचित्रे भराभर उघडून पुन्हा लिहू लागला, तर त्याला जागच्या जागी थांबवले जाते. याशिवाय फाइलचा ठसा कंपनीच्या सर्व्हरकडे पाठवून, ही फाइल जगात इतरत्र कुठे आणि केव्हापासून दिसली आहे, याची विचारणा होते. ही शेवटची सोय इंटरनेटवर अवलंबून असल्यामुळे, ज्या संगणकाला इंटरनेट क्वचितच मिळते तिथे अँटीव्हायरसची निवड वेगळी करावी लागते. त्याकडे पुढे वळू.

संशयावरून अडवणे आले की निरपराध फाइल अडकण्याची शक्यताही आली. एप्रिल २०१० मध्ये मॅकॅफीच्या एका सदोष अपडेटने विंडोज एक्सपीच्याच एका अत्यावश्यक फाइलला व्हायरस ठरवले, आणि ठिकठिकाणचे संगणक पुन्हा पुन्हा बंद-चालू होत राहिले. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले, आणि भारतातल्या विमानतळांवरही प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. क्राउडस्ट्राइकचे उत्पादन घरगुती नाही, परंतु त्या घटनेतून घेण्यासारखी गोष्ट घरालाही लागू पडते. संरक्षण करणारा प्रोग्राम संगणकाच्या अगदी गाभ्यात, सर्वाधिक अधिकार घेऊन बसलेला असतो. म्हणून किमतीच्याही आधी, हे अधिकार आपण कोणाच्या हाती देत आहोत, हा प्रश्न विचारला पाहिजे.

विंडोजसोबत येणारे संरक्षण

मायक्रोसॉफ्टने २००९ मध्ये 'सिक्युरिटी एसेन्शियल्स' हा विनामूल्य अँटीव्हायरस स्वतंत्रपणे उपलब्ध करून दिला आणि २०१२ मधील विंडोज ८ पासून 'डिफेंडर' या नावाने पूर्ण संरक्षण विंडोजमध्येच अंतर्भूत केले. सुरुवातीच्या वर्षांत तो चाचण्यांमध्ये मागे पडत असे, त्यामुळे "डिफेंडर काही कामाचा नाही" हे वाक्य अजूनही कानावर पडते. ते आता जुने झाले आहे. जर्मनीतील माग्डेबुर्ग येथील एव्ही-टेस्ट ही प्रयोगशाळा संरक्षण, संगणकाच्या गतीवर होणारा परिणाम आणि वापरातील सुलभता यांना प्रत्येकी ६, असे एकूण १८ गुण देते, आणि गेली काही वर्षे डिफेंडरला तिथे पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण गुण मिळत आले आहेत. ऑस्ट्रियातील इन्सब्रुक येथील एव्ही-कंपॅरेटिव्ह्ज या दुसऱ्या संस्थेच्या चाचण्यांत मात्र त्याची एक उणीव ठळकपणे दिसली आहे : इंटरनेट जोडलेले नसताना त्याची ओळखण्याची क्षमता इतर अनेक अँटीव्हायरसच्या तुलनेत बरीच घटते. राजेंद्र नगर किंवा सुदामा नगरातल्या ब्रॉडबँड असलेल्या घराला याची चिंता करण्याचे कारण नाही. गोदामातल्या ज्या संगणकावर केवळ पेनड्राइव्हने माहिती येते-जाते, तिथे मात्र विकतचा आणि चाचण्यांत इंटरनेटशिवायही चांगला ठरलेला अँटीव्हायरस घेणे शहाणपणाचे आहे.

डिफेंडर वापरायचा तर तो चालू आहे याची खात्री करून घ्यावी. स्टार्टमध्ये 'विंडोज सिक्युरिटी' असे लिहून ती खिडकी उघडली की 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन' या भागात आपले संरक्षण सध्या कोण करत आहे ते दिसते. तिथेच 'टॅम्पर प्रोटेक्शन' चालू असावे, म्हणजे एखादा घातक प्रोग्राम परस्पर डिफेंडर बंद करू शकत नाही. 'अॅप अँड ब्राउझर कंट्रोल' या भागात नको असलेले प्रोग्राम अडवण्याची सोय असते. मोफत पीडीएफ कन्व्हर्टरसोबत गुपचूप शिरणाऱ्या जाहिरातबाज पाहुण्यांना ती रोखते. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रामविरुद्धच्या 'रॅन्समवेअर प्रोटेक्शन' या भागात 'कंट्रोल्ड फोल्डर अॅक्सेस' ही सोय मुळात बंद ठेवलेली असते. ती चालू केल्यास अनोळखी प्रोग्रामला आपल्या डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स या फोल्डरांत फेरफार करता येत नाही. तिचा एक जाच असा, की स्कॅनरचा किंवा हिशेबाचा एखादा प्रामाणिक प्रोग्रामही कधी अडतो आणि त्याला आपण हाताने परवानगी द्यावी लागते. माझ्या दृष्टीने हा जाच सोसण्यासारखा आहे.

याबरोबरच, विंडोजचे स्वतःचे अपडेट न चुकता घेणे हे अँटीव्हायरसइतकेच, किंबहुना अधिक महत्त्वाचे आहे. 'वॉनाक्राय' या खंडणीखोर प्रोग्रामने १२ मे २०१७ पासून दीडशेच्या आसपास देशांत दोन लाखांहून अधिक संगणक वेठीस धरले, तेव्हा तो ज्या उणिवेतून आत शिरला ती बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिलेले होते. ज्यांनी ते घेतले होते त्यांच्या संगणकात त्याला त्या वाटेने शिरता आले नाही. याच कारणाने विंडोज १० वापरणाऱ्या घरांनी आता सावध व्हायला हवे. त्याचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांना ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेट मिळण्याची व्यवस्था आहे, आणि डिफेंडरच्या ओळखखुणा ऑक्टोबर २०२८ पर्यंत येत राहतील असे कंपनीने सांगितले आहे. पण ओळखखुणा ताज्या असल्या तरी विंडोजमधल्या नव्याने सापडणाऱ्या फटी त्यांनी बुजत नाहीत. अशा संगणकावर महागडा अँटीव्हायरस चढवून वर्षानुवर्षे बँकेचे व्यवहार करत राहावे, असा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये.

बाजारातल्या असेंबल केलेल्या संगणकांबाबत एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. त्यांत पुष्कळदा अनधिकृत विंडोज किंवा ऑफिस भरून दिलेले असते, आणि ते चालावे म्हणून वापरलेला 'अॅक्टिव्हेटर' आधी अँटीव्हायरस बंद करायला लावतो. ज्या क्षणी आपण तो बंद करून एका अज्ञात माणसाचा प्रोग्राम सर्वाधिकारांसह चालू करतो, त्या क्षणानंतर विनामूल्य आणि विकतचा ही चर्चाच निरर्थक होते.

इतर कंपन्यांचे विनामूल्य अँटीव्हायरस

डिफेंडरखेरीज इतर कंपन्यांचेही विनामूल्य अँटीव्हायरस मिळतात आणि त्यांतील काही तांत्रिकदृष्ट्या उत्तम आहेत. परंतु मायक्रोसॉफ्टचे पैसे विंडोजच्या विक्रीतून निघतात, तसे या कंपन्यांचे कुठून निघतात, हे पाहायला हवे. बहुतेकींचा मार्ग सरळ आहे : विनामूल्य आवृत्ती देऊन ग्राहकाची ओळख करून घ्यायची आणि मग विकतची घ्या म्हणून वारंवार सूचना द्यायच्या. या सूचना त्रासदायक असतात, आणि ज्येष्ठांच्या मनात नाहक भीती उत्पन्न करतात, पण त्या हानिकारक नसतात.

अॅव्हास्टचे प्रकरण याहून गंभीर होते. त्या कंपनीने आपल्या ग्राहकांच्या इंटरनेट वापराची तपशीलवार माहिती 'जंपशॉट' या आपल्याच उपकंपनीमार्फत इतरांना विकली. ही गोष्ट उघड झाल्यावर जानेवारी २०२० मध्ये जंपशॉट बंद करण्यात आली, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १ कोटी ६५ लाख डॉलरची रक्कम भरण्याचा आणि अशी माहिती जाहिरातींसाठी न विकण्याचा आदेश मांडला. ज्या प्रोग्रामला आपण उघडलेले प्रत्येक पान पाहण्याची मुभा देतो, त्याने ती मुभा विकावी, यापरता विश्वासभंग दुसरा नाही. त्या एका प्रकरणावरून साऱ्या विनामूल्य उत्पादनांना दोषी धरणे बरोबर होणार नाही. बसवताना माहिती देण्यासंबंधीचे पर्याय वाचून ते बंद करणे, आणि ब्राउझरमध्ये जोडले जाणारे त्यांचे विस्तार नाकारणे, एवढी दक्षता मात्र प्रत्येकाने घ्यावी. शिवाय अशा बहुतेक विनामूल्य आवृत्त्यांचा परवाना केवळ घरगुती वापरापुरता असतो. दुकानात किंवा संस्थेच्या कार्यालयात त्या बसवल्या तर परवान्याचा भंग होतो, हे आपल्याकडे फारसे कोणी लक्षात घेत नाही.

पैसे मोजल्यावर काय हाती येते

एकाच कंपनीची विनामूल्य आणि विकतची आवृत्ती शेजारी ठेवली, तर व्हायरस ओळखणारा गाभा बहुधा दोहोंत तोच असतो. विकतच्या आवृत्तीत भर पडते ती भोवतालच्या सोयींची : मुलांच्या वापरावर नियंत्रण, पासवर्ड साठवण्याची सोय, व्हीपीएन (इंटरनेटवरून जाणारी सुरक्षित, खासगी वाट), बँकेसाठी वेगळा ब्राउझर, संगणकाची साफसफाई. यांतील साफसफाईचा उपयोग नगण्य असतो, पासवर्ड साठवण्याची सोय इतरत्र विनामूल्य मिळते, आणि व्हीपीएनवर अनेकदा वापराची मर्यादा असते. केवळ या यादीच्या लांबीवर भाळून खरेदी करू नये.

खरे मोल दोन गोष्टींना आहे. पहिली, अडचण आली की फोनवर बोलणारा माणूस. मुले पुण्यात किंवा बंगळुरूत, आणि आई-वडील रामबागेतल्या जुन्या घरात, अशी कुटुंबे आपल्याकडे पुष्कळ आहेत. पडद्यावर लाल सूचना आली की आजोबांना हिंदीत किंवा मराठीत शांतपणे मार्ग दाखवणारी अधिकृत सेवा असणे हे त्यांच्यासाठी तांत्रिक गुणांपेक्षा मोठे आहे, कारण ती नसेल तर ते पडद्यावर दिसणाऱ्या कुठल्याही क्रमांकाला फोन लावतील, आणि तो क्रमांक ठगाचा असण्याची शक्यता दाट असते. अधिकृत सेवेचा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून संगणकाशेजारी चिकटवून ठेवावा.

दुसरी गोष्ट अनेक संगणकांवर एकत्र देखरेख ठेवण्याची. महाराजा तुकोजीराव कापड बाजारातल्या एखाद्या पेढीची कल्पना करा. चार संगणक, टॅलीचा सगळा डेटा एका यंत्रावर, आणि मुनीमजी रात्री वैशाली नगरातल्या घरून 'रिमोट डेस्कटॉप'ने त्याच यंत्रावर नोंदी करतात. त्यासाठी राउटरमध्ये एक दार उघडून ठेवलेले आहे आणि पासवर्ड पेढीचे नाव आणि त्यापुढे १२३ असा आहे. अशी उघडी दारे शोधत फिरणारे स्वयंचलित प्रोग्राम इंटरनेटवर अहोरात्र चालू असतात. त्यांपैकी एकाला पासवर्ड जुळला की मागून प्रत्यक्ष माणूस येतो, रीतसर मालकाच्या अधिकाराने आत बसतो, अँटीव्हायरस काढून टाकतो आणि मग टॅलीच्या फोल्डरमधील प्रत्येक फाइल कुलूपबंद करून खंडणीची चिठ्ठी ठेवतो. बॅकअपचा पेनड्राइव्ह त्याच यंत्राला लावलेला असेल तर तोही सोबत जातो. घरगुती अँटीव्हायरस, मग तो विकतचा असला तरी, इथे अपुरा पडतो. व्यावसायिक आवृत्तीत अँटीव्हायरस काढण्यासाठी वेगळा पासवर्ड लागतो, पासवर्डाचे वारंवार चुकीचे प्रयत्न अडवले जातात, आणि चारपैकी एका यंत्रावरचे संरक्षण बंद पडले तर त्याची सूचना मालकाच्या फोनवर येते. एवढ्यासाठी पैसे जरूर मोजावेत. मात्र ते मोजण्याच्या आधी राउटरमधले ते दार बंद करावे, घरून काम करायचेच असेल तर व्हीपीएनमधून करावे, आणि पासवर्डाच्या जोडीला फोनवर येणारा दुसरा संकेतांक लावावा.

खरेदीविषयी थोडक्यात. खोक्यावर छापलेली किंमत आणि प्रत्यक्ष विक्रीची किंमत यांत मोठे अंतर असते, त्यामुळे दोन ठिकाणी विचारावे. पहिल्या वर्षीच्या सवलतीत भुलून नूतनीकरणाची रक्कम पाहायची राहून जाते, आणि कार्डवरून ती आपोआप वळती होण्याची संमती ऑनलाइन खरेदीत बहुधा आधीच टिकमार्क केलेली असते. ती काढून टाकावी. खोक्यातले खरवडायचे कार्ड न खरवडलेले असल्याचे दुकानातच पाहून घ्यावे.

बसवताना

एका यंत्रावर एकच अँटीव्हायरस असावा. दोन असले की दोघेही एकच फाइल एकाच वेळी ताब्यात घेऊ पाहतात, एकमेकांच्या ओळखखुणांच्या साठ्याला व्हायरस समजतात, आणि संगणक रेंगाळतो. डिफेंडर मात्र दुसरा अँटीव्हायरस नीट बसला की आपणहून मागे सरतो. नव्या लॅपटॉपमध्ये काही महिन्यांच्या चाचणी मुदतीचा एखादा अँटीव्हायरस आधीच भरलेला असतो. मुदत संपल्यावर तो निष्क्रिय अवस्थेत तसाच पडून राहू शकतो आणि घरच्यांना वाटते की संरक्षण चालू आहे. तो ठेवायचा नसेल तर पहिल्याच दिवशी काढावा. साध्या पद्धतीने काढल्यावरही अवशेष मागे राहतात, म्हणून बहुतेक कंपन्या आपापले अँटीव्हायरस समूळ काढणारे छोटे साधन विनामूल्य देतात, ते चालवून संगणक पुन्हा सुरू करावा आणि वर सांगितलेल्या खिडकीत डिफेंडर परत आल्याचे पाहावे.

नवा बसवताना कंपनीच्या संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टंकित करावा, कारण शोध घेतल्यावर सर्वांत वर दिसणारे दुवे कधीकधी जाहिरात देऊन लावलेली बनावट पाने असतात. बसल्यावर अपडेट घ्यावे आणि एकदा पूर्ण तपासणी चालू करून संगणक तसाच सोडावा. तिला काही तास लागू शकतात. अँटीव्हायरस खरोखर जागा आहे का हे पाहण्यासाठी आयकार या युरोपीय संस्थेची ६८ अक्षरांची निरुपद्रवी चाचणी फाइल आहे. ती व्हायरस नाही, पण व्हायरस म्हणून ओळखायची असे सर्व कंपन्यांनी मान्य केले आहे. ती उतरवून घेताच इशारा आला, तर व्यवस्था काम करते आहे.

पेनड्राइव्हविषयी वेगळे लिहिणे आवश्यक वाटते, कारण आपल्या शहरात लागण होण्याचा हा मार्ग अजून बंद झालेला नाही. समग्र आयडीचे (मध्य प्रदेश सरकारच्या कुटुंब-ओळख क्रमांकाचे) काम, परीक्षेचा अर्ज किंवा नुसती छपाई यासाठी आपण सरकारी ऑनलाइन सेवा देणाऱ्या एमपी ऑनलाइनच्या दुकानात जातो आणि दिवसभर शेकडो हातांतले पेनड्राइव्ह ज्या यंत्राला लागतात त्यालाच आपलाही लावतो. घरी येऊन पाहावे तर 'आईची कागदपत्रे' हे फोल्डर दिसते खरे, पण त्याच्या चित्राच्या कोपऱ्यात एक लहानसा वाकडा बाण असतो आणि आकार जेमतेम एक-दोन केबी असतो. तो शॉर्टकट आहे. २०११ पासून विंडोजने पेनड्राइव्ह लावताच त्यातला प्रोग्राम आपोआप चालू होणे बंद केले, तेव्हा व्हायरस लिहिणाऱ्यांनी ते काम आपल्या बोटाकडे सोपवले : या शॉर्टकटवर क्लिक केले की खरे फोल्डरही उघडते आणि मागोमाग व्हायरसही चालू होतो, त्यामुळे संशय येत नाही. मूळ फाइली नष्ट झालेल्या नसतात, केवळ लपवलेल्या असतात. म्हणून घाबरून पेनड्राइव्ह फॉरमॅट करू नये. काहीही न उघडता त्यावर उजवे क्लिक करून आधी अँटीव्हायरसची तपासणी चालवावी, मग एक्स्प्लोररमध्ये लपवलेल्या आणि प्रणालीच्या फाइली दाखवण्याचा पर्याय लावून खऱ्या फाइली उचलून घ्याव्यात. छपाईसाठी एक वेगळा पेनड्राइव्ह ठेवावा, ज्यात त्या दिवशीच्या पीडीएफखेरीज दुसरे काहीच नसेल.

लागण झालीच असेल, तर भारत सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावर देशी कंपन्यांच्या सहकार्याने दिलेली सफाईची साधने विनामूल्य मिळतात. ती अँटीव्हायरसची जागा घेत नाहीत, पण बिघडलेल्या यंत्रावर दुसरे मत घेण्यासाठी उपयोगी पडतात.

हार्ड डिस्क आधी का

खंडणीखोर प्रोग्रामने फाइली कुलूपबंद केल्यावर अँटीव्हायरस त्या प्रोग्रामला काढू शकतो, परंतु कुलूप उघडू शकत नाही. नातवाच्या मुंजीची छायाचित्रे, घराची कागदपत्रे, संस्थेच्या सभासदांची यादी, पेढीचे हिशेब, यांपैकी काहीही त्यानंतर केवळ बॅकअपमधूनच परत येते. म्हणूनच बाहेरच्या हार्ड डिस्कचा खर्च आधी करावा, असे मी म्हणतो. तिचा उपयोग व्हायचा असेल तर ती नक्कल करतेवेळीच जोडावी आणि काम होताच काढून कपाटात ठेवावी. जोडलेली राहिली तर मूळ आणि नक्कल एकाच वेळी जातील. घराने महिन्यातून एकदा आणि पेढीने रोज संध्याकाळी, आलटून पालटून दोन डिस्कवर नक्कल घ्यावी.

फोन, आणि जे अँटीव्हायरसच्या हाती नाही

अँड्रॉइड फोनमध्ये गुगलचे 'प्ले प्रोटेक्ट' आधीपासून असते आणि अॅप केवळ प्ले स्टोअरवरून घेणाऱ्याला वेगळ्या अँटीव्हायरसची गरज सहसा पडत नाही. धोका आहे तो व्हॉट्सअॅपवर येणाऱ्या एपीके फाइलींचा, म्हणजे प्ले स्टोअरला वगळून अॅप थेट बसवणाऱ्या फाइलींचा. लग्नसराईत पत्रिकेच्या नावाने, एरवी वाहनाच्या चलनाच्या नावाने त्या येतात, आणि अनेकदा ओळखीच्या माणसाच्या क्रमांकावरून येतात, कारण त्याचा फोन आधीच ताब्यात गेलेला असतो. पत्रिका चित्र किंवा पीडीएफ स्वरूपात येते. ती 'इन्स्टॉल' करावी लागत नाही. इन्स्टॉल झालेले असे अॅप एसएमएस वाचण्याची परवानगी मागते आणि मग बँकेचे ओटीपी परस्पर पुढे जातात.

स्वतःला पोलीस अधिकारी म्हणवून व्हिडिओ कॉलवर 'डिजिटल अटक' करणारा ठग, वीज कापण्याची धमकी देऊन स्क्रीन दाखवणारे अॅप घ्यायला लावणारा आवाज, यांच्यापुढे जगातला कोणताही अँटीव्हायरस काही करू शकत नाही, कारण त्याच्या दृष्टीने संगणकाचा मालक स्वतःच्या इच्छेने, अधिकृत अॅप वापरून, स्वतःचे पैसे पाठवत असतो. फसवणूक लक्षात येताच १९३० या क्रमांकावर फोन करावा किंवा सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर तक्रार नोंदवावी, आणि त्याच तासात बँकेलाही कळवावे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक बँकेची किंवा ग्राहकाची नसून तिसऱ्याच ठिकाणी झालेली असेल आणि ग्राहकाने बँकेकडून सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर त्याच्यावर नुकसानीचा भार पडत नाही. ओटीपी आपणच सांगितलेला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान आपल्याला सोसावे लागते आणि कळवल्यानंतर होणारे नुकसान बँकेवर येते, त्यामुळे संकोचापायी घरच्यांपासून लपवण्यात गेलेला प्रत्येक तास खिशातून जातो.